नोंद तिची, निर्णय कुणाचा?

दरवर्षी 12 मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात दिवे लागतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनी पांढऱ्या गणवेशात ओळीने उभ्या राहतात आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेतात. ही शपथ बाईंनी लिहिलेली नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. डॉक्टरांच्या कामाला निष्ठेने हातभार लावण्याचे वचन तिच्यात होते. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हे वचन दिले जाते त्या बाईंच्या आयुष्याचा मोठा भाग वॉर्डात शब्द कुणाचा चालावा यावरून डॉक्टरांशी, लष्कराशी आणि समित्यांशी भांडण्यात गेला. भांडताना बहुतेक वेळा त्यांच्या हातात रजिस्टर असे.

त्यांचा जन्म 12 मे 1820 चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. शहराचेच नाव मुलीला ठेवले. घर इंग्लंडमधले आणि सुखवस्तू. डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी वाडे. वडील केंब्रिजला शिकलेले. त्यांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान घरीच शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ. 1845 साली तिने जवळच्या सॅलिसबरीच्या रुग्णालयात काम शिकायला जाऊ द्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. त्या काळी रुग्णालयातली नर्स म्हणजे दारू पिणारी, न शिकलेली बाई अशीच समजूत होती. सहा वर्षे थांबून, लग्नाची मागणी नाकारून, 1851 साली ती जर्मनीतल्या कैसरवर्थ इथे पाद्री फ्लिडनर यांच्या संस्थेत तीन महिने राहून आली. त्यांचे औपचारिक शिक्षण काय ते एवढेच.

ऑगस्ट 1853 मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांसाठी चालवलेल्या एका छोट्या संस्थेच्या त्या अधीक्षक झाल्या. पगार नव्हता. वडील वर्षाला 500 पौंड देत, त्यावर भागे. इथेच त्यांना पहिल्यांदा समिती भेटली. समितीतल्या प्रतिष्ठित स्त्रियांचा आग्रह असा, की रुग्ण फक्त चर्च ऑफ इंग्लंडच्या हव्यात. बाई अडून बसल्या. कॅथलिक येतील, ज्यू येतील, नाहीतर मी नाही. समितीने मान तुकवली. मग त्यांनी प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचे नळ, जेवण वर चढवणारी लिफ्ट आणि कोणत्या रुग्णाने बोलावले ते दाखवणाऱ्या घंटा मागितल्या. कारण अगदी साधे होते. नर्सचा अर्धा दिवस जिने चढण्या-उतरण्यात जाई, रुग्णापाशी ती असायची कधी? बाकीच्यांनी ज्याला घरकाम म्हटले असते त्याचा त्यांनी वेळेच्या हिशेबाने विचार केला. आजही वॉर्डाचा नकाशा काढताना सिस्टरला कुणी विचारत नाही, म्हणून ही गोष्ट जरा लांबवून सांगितली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल लंडनच्या वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंना पाचारण केले. 21 ऑक्टोबर 1854 रोजी त्या 38 जणींना घेऊन निघाल्या. त्यांत 10 कॅथलिक जोगिणी, 14 अँग्लिकन पंथाच्या संस्थांमधल्या आणि 14 रुग्णालयात पगारी काम केलेल्या. 4 नोव्हेंबरला ही मंडळी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथे पोचली. लष्करी डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले नाही. बाईंनी आपल्या नर्सना ताकीद दिली, की डॉक्टर बोलावतील तेव्हाच वॉर्डात पाऊल टाकायचे. तोवर पट्ट्या शिवा, रुग्णांचे जेवण शिजवा. अनेकांना ही शरणागती वाटते, मला तो धोरणी संयम वाटतो. इंकरमनच्या लढाईतल्या जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनीच हाक मारली.

बॅरक हॉस्पिटल मुळात रुग्णालय नव्हतेच. ती सैनिकांची बराक होती आणि तिच्या खाली तुंबलेली गटारे होती. फेब्रुवारी 1855 मध्ये दाखल रुग्णांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण 42 टक्क्यांवर गेले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयोगाचे लोक आले, त्यांनी गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास उतरले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दिवा घेऊन रात्री फिरणाऱ्या बाईमुळे हजारो जीव वाचले, ही लोककथा झाली. मरण थांबले ते प्रामुख्याने गटारे साफ झाल्यामुळे. हे बाईंनाही तिथे असताना पुरते उमगले नव्हते. उमगले ते परतल्यावर, आकडे मांडले तेव्हा.

युद्धकाळात त्यांना आणखी एक लढाई लढावी लागली, ती अधिकाराची. डिसेंबर 1854 मध्ये त्यांना न विचारताच चाळीसहून अधिक नर्सची दुसरी तुकडी पाठवण्यात आली. त्या भयंकर संतापल्या. क्रिमियातले मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन हॉल यांचे म्हणणे, की बाईंची नेमणूक तुर्कस्तानपुरती आहे, क्रिमियातल्या इस्पितळांवर त्यांचा हुकूम चालणार नाही. कागदावर तसेच लिहिले होते. शेवटी मार्च 1856 मध्ये लष्कराच्या आदेशात नमूद झाले, की सर्व लष्करी रुग्णालयांतल्या नर्सच्या प्रमुख याच. तोवर युद्ध जवळपास संपले होते. दरम्यान बालाक्लाव्हाला त्यांना जबर ताप आला होता. त्या दुखण्याने पुढे कित्येक वर्षे त्यांना अंथरुणाला खिळवले. ते ब्रुसेलोसिस असावे असे आज अनेक अभ्यासक मानतात. दुभत्या जनावरांच्या कच्च्या दुधातून पसरणारा हा आजार आपल्याकडच्या पशुपालकांना अनोळखी नाही.

ऑगस्ट 1856 मध्ये त्या गाजावाजा टाळून घरी परतल्या आणि थेट कामाला लागल्या. सैन्याच्या आरोग्यावर शाही आयोग नेमला गेला. बाई म्हणून त्यांना सदस्य होता येईना. मग बसल्या खोलीतून त्यांनी सगळी तयारी केली आणि आपली साक्ष लेखी दिली. सोबतीला विल्यम फार होते, जन्ममृत्यूच्या आकडेवारीतले त्या काळचे मोठे जाणकार. स्कुटारीच्या नोंदी बघताना त्यांना दिसले, की मेलेल्यांचा आकडाही दोन वह्यांत जुळत नव्हता. ज्याने पुरले त्याची वही वेगळी, डॉक्टरांची वेगळी. हे जुळवत त्यांनी बारा महिन्यांच्या बारा पाकळ्यांचे प्रसिद्ध चित्र काढले. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा, लाल जखमांनी मेलेल्यांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याने लालला गिळून टाकले होते. मंत्री तक्ते वाचत नाहीत, चित्र बघतात, हे त्यांनी ओळखले. 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

भारताचा संबंध इथूनच सुरू होतो. त्या कधी भारतात आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी ढीगभर उत्तरे मागवली. 1863 च्या अहवालानुसार भारतातल्या इंग्रज सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी 69 होता. दहा वर्षांनी त्यांनी वाचलेल्या निबंधात तो 18 वर आल्याचे नमूद आहे. हळूहळू त्यांचे लक्ष सैनिकांवरून रयतेकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. गावाकडून वसूल होणाऱ्या पट्टीतला पहिला वाटा गावच्याच स्वच्छतेवर खर्चावा, असा आग्रह त्यांनी 1890 च्या दशकात धरला. ज्याच्या दारात घाण, त्याच्या हाती थोडा पैसा आणि थोडा निर्णय, असा त्याचा अर्थ.

1860 मध्ये लोकवर्गणीच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची नर्सिंग शाळा सुरू झाली. तिची खरी नवलाई अभ्यासक्रमात नव्हती. नर्स कुणाला जबाबदार, या प्रश्नाचे उत्तर तिथे बदलले. आजवर डॉक्टर किंवा व्यवस्थापक यांच्या मर्जीवर असलेल्या नर्स आता मेट्रनच्या हाताखाली आल्या. उपचार काय द्यायचे ते डॉक्टर सांगेल, पण नर्सची नेमणूक, शिस्त, शिक्षण, बढती स्त्रीच्याच हाती. आपल्या सरकारी रुग्णालयातली अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका ही उतरंड त्याच साच्यातली.

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यांच्याच निधीतून किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये सुइणींच्या प्रशिक्षणासाठी बाळंतपणाचा वॉर्ड चालवला जाई. तिथे बाळंतज्वराने बायका मरू लागल्या. नोंदी काढल्या तर हजार बाळंतपणांमागे सुमारे 33 मृत्यू. सगळ्या इंग्लंडचा, म्हणजे मुख्यतः घरी होणाऱ्या बाळंतपणांचा आकडा हजारी 5 च्या आसपास. वॉर्ड 1867 मध्ये बंद झाला. स्वतः उभा केलेला प्रकल्प अपयशी ठरल्यावर माणसे गप्प बसतात. बाईंनी उलट ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आकडे गोळा केले आणि 1871 मध्ये पुस्तक काढून मांडले, की मोठ्या रुग्णालयापेक्षा गरिबाच्या घरी बाळंतीण अधिक सुरक्षित आहे. जंतूंचा शोध अजून सर्वमान्य व्हायचा होता. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी हात धुण्याचे महत्त्व वीस वर्षांपूर्वी दाखवले होते, पण ऐकणारे थोडे. या पुस्तकाला आज आपण नर्सिंग संशोधन म्हणू. प्रश्न वॉर्डातून आला, नोंद वॉर्डातली, आणि बदल करण्याचा अधिकार नोंद घेणाऱ्यांच्या बाजूला होता.

ही तिसरी गोष्टच आज दुर्मिळ आहे. आमच्या वॉर्डात सिस्टर दिवसाला किती कागद भरतात ते मी गेली अनेक वर्षे पाहतो आहे. ताप-नाडीचा तक्ता, सलाईन आणि लघवीचा हिशेब, औषधांचे रजिस्टर, रोजचा सेन्सस, कोणाच्या पाठीला जखम झाली त्याची नोंद. महिन्याच्या शेवटी हे वर जाते. वर गेलेले खाली येत नाही. कुशी बदलायला रात्री किती हात लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्या त्या बैठकीत नसतात. अमेरिकेत 1980 च्या दशकापासून काही रुग्णालयांनी ‘शेअर्ड गव्हर्नन्स’ नावाची पद्धत आणली. वॉर्डातल्या नर्समधूनच मंडळे नेमायची, कामाची पद्धत, शिक्षण, गुणवत्ता, संशोधन या विषयांवर त्यांनी ठरवायचे आणि व्यवस्थापनाने ते ठरवणे मानायचे. तिथल्या ‘मॅग्नेट’ मानांकनातही नर्सचा असा सहभाग पाहिला जातो. हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणणारे बहुधा आधी मनुष्यबळाचे कारण देतात. ते कारण खरे आहे. पण पन्नास रुग्णांमागे दोन सिस्टर असतील, तर त्या दोघींनी आधी काय करावे आणि कोणता कागद सोडावा, हे त्यांना विचारणे अधिकच गरजेचे होते.

बाईंनी स्वतः हे मान्य केले असते का? मला शंका आहे. डॉक्टरांकडून काढून घेतलेली सत्ता त्यांनी मेट्रनच्या हाती ठेवली, खाली वाटली नाही. विद्यार्थिनीचा वक्तशीरपणा, स्वच्छता, वागणूक यांची मेट्रन नियमित नोंद ठेवी. मुलीने मेट्रनची नोंद ठेवायची सोय नव्हती. 1887 मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक या माजी मेट्रनने नर्सची संघटना काढली आणि मागणी केली, की डॉक्टरांसारखी नर्सचीही सरकारी नोंदवही हवी, ठरावीक शिक्षण आणि परीक्षा हवी. नाइटिंगेलबाईंनी कडाडून विरोध केला. चांगली नर्स परीक्षेने ठरत नाही, एकदा नाव चढले की ज्ञान जुने झाले तरी ते तसेच राहील, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होते. पण नोंदणी नाही म्हणजे नर्स कोण हे प्रत्येक रुग्णालय आपल्या मर्जीने ठरवणार, हे त्यांनी फारसे मनावर घेतले नाही. फेनविक यांचाही मार्ग सरळ नव्हता. त्यांच्या संघटनेत पुढे डॉक्टरांचेच पारडे जड झाले आणि त्यांनाच बाजूला व्हावे लागले. मग त्यांनी नर्सचे एक नियतकालिक हाती घेऊन लढा चालू ठेवला.

म्हातारपणी बाईंची दृष्टी गेली, स्मृतीही विरत गेली. 1907 मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान त्यांच्या घरी आणून देण्यात आला. हा सन्मान मिळालेल्याही त्या पहिल्या स्त्री. 13 ऑगस्ट 1910 रोजी नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनाचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलोच्या गावातल्या चर्चशेजारच्या दगडावर फक्त नावाची आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे.

नऊ वर्षांनी, 1919 मध्ये, इंग्लंडच्या संसदेने नर्स नोंदणीचा कायदा केला. त्याखाली नेमलेल्या परिषदेत बहुसंख्य सदस्य नर्स होत्या. नोंदवही उघडली तेव्हा तिच्यात पहिले नाव एथेल बेडफर्ड फेनविक यांचे चढले.