संशोधक शंकर आबाजी भिसे

आज संगणकाची कळ दाबली, की पडद्यावर अक्षर उमटते. पूर्वी असे नव्हते. उर्दू मजकूर कातिब सुंदर अक्षरात लिहून देत आणि तो दगडावर उतरवून छापला जाई. मराठी मजकुरासाठी शिशाचे खिळे लागत. खिळा म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा. अक्कलकोटसारख्या गावी साधी लग्नपत्रिका छापायची असली, तरी जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असे. असे खिळे झटपट ओतणारे यंत्र तयार करण्यासाठी शंकर आबाजी भिसे यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांची ओढ होती. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस तयार करण्याचे साधन बनवले. पुढे लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ असे जिन्नस आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांनी मुंबईहून आपला आराखडा पाठवला आणि १८९७ साली त्यांनाच बक्षीस मिळाले.

या यशाने त्यांचा हुरूप वाढला. दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना मायेने आधार दिला. तेथे भिसे यांनी खिळे ओतण्याचे नवे यंत्र रचले. त्याला 'भिसोटाइप' असे नाव पडले.

यंत्राची कल्पना उत्तम होती; पण कारखाना काढायला भांडवल हवे होते. हाइंडमन या इंग्रज पुढाऱ्याने पैसा उभा करण्याचे कबूल केले, पण ते जमले नाही. निराश होऊन भिसे १९०८ साली मायदेशी निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांची गुणवत्ता ओळखली व सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांनी मदत केली. काम पुन्हा सुरू झाले. एवढ्यात पहिले महायुद्ध आले आणि तीही आशा मावळली.

दुसरा एखादा खचून गेला असता. भिसे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी यंत्राचे काम पुढे चालवले. मात्र यंत्राला हवा तसा बाजार मिळाला नाही. अखेर त्यांना पैसा मिळवून दिला तो आयोडीनपासून केलेल्या 'अ‍ॅटोमिडीन' या औषधाने. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले.

भिसे यांनी लहानमोठे सुमारे २०० शोध लावले, असे सांगतात. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणत. आता शिशाचे खिळे छापखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यांच्याबरोबर भिसे यांचे नावही मागे पडले. परंतु बुद्धीला कष्टाची जोड हवी आणि गुणी माणसाला वेळेवर मदतीचा हातही हवा, हे त्यांचे जीवन आपल्याला शिकवते.