राष्ट्रसंतांचा आजार आणि अखेरची काळजी

फुलसावंगीपासून गोंदियापर्यंत, खंजिरीवरचे तुकडोजी महाराजांचे भजन माहीत नसलेले गाव विदर्भात सापडणार नाही. मात्र महाराज कर्करोगाने गेले, हे आज अनेकांच्या लक्षात नसते.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावलीत, गरीब घरात झाला. शाळा लहानपणीच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांना गुरू मानले आणि माणिकचे तुकडोजी झाले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरचा तुरुंग त्यांनी भोगला. १९५५ मध्ये ते जपानच्या जागतिक परिषदेला गेले. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत त्यांनी गावाचे आरोग्यही घेतले. आजारी माणूस एकट्या घराचा नाही, साऱ्या गावाचा, हीच त्यांची शिकवण.

पुढे कर्करोगाने गाठले. उपचार झाले, गुण आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, गुरुकुंजातच त्यांनी देह ठेवला. आपल्या जागी, आपल्या माणसांत.

त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले होते. आजार बरा होत नसला तरी वेदना थांबवता येतात, हा त्यामागचा विचार. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, मुंबईत १९८६ मध्ये आले. नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज महाराजांच्याच नावाने चालते.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात मात्र वेगळेच दिसते. आता उपाय नाही असे सांगितल्यावर नातेवाईक वावर विकून रुग्णाला आणखी मोठ्या शहरात नेतात. पैसा जातो, वेदना राहतात. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेची चौकशी करा. आधी गावातल्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगा. जखम धुणे, नळी सांभाळणे, कूस बदलणे घरच्यांना शिकता येते.

तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी स्वस्त आणि गुणकारी आहे. २०१४ च्या कायदेबदलाने ती मान्यताप्राप्त रुग्णालयांना मिळणे सोपे झाले. डॉक्टरांच्या देखरेखीत घेतली तर व्यसनाची भीती फारच कमी.

खर्चाचे काय? महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः अंगीकृत रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. घरच्या शुश्रूषेचा खर्च त्यातून निघेल असे धरून चालू नका. कर्करोगाचा रुग्ण निराधार असेल, तर उत्पन्नाच्या अटीत बसल्यास संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान मिळू शकते. अर्ज महागावच्या तहसील कार्यालयात करायचा. रेल्वे आणि एसटीच्या प्रवासातही कर्करुग्णांना सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला आणि सारे कागद एका पिशवीत जपून ठेवा.

आणि वावर विकण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: या उपचाराने रुग्ण बरा होणार आहे का? उत्तर नाही असेल, तर त्याला घरी आणा, वेदनेचे औषध वेळेवर द्या आणि जवळ बसा. यात उपचार सोडल्याचा दोष नाही. हाही उपचारच आहे.