बीजगणिताला शिस्त लावणारे भास्कराचार्य

शाळेत बीजगणिताशी पहिली झटापट होते ती कंसापाशी. बाहेरच्या पदाने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचे, मग सजातीय पदे एकत्र करायची आणि विजातीय पदे तशीच ठेवायची, हा नियम मुले पाठ करतात. सह्याद्रीच्या परिसरातील एका आचार्याने साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी तो आपल्या ग्रंथात सूत्रबद्ध केला होता, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. भास्कराचार्यांचे नाव निघाले की लीलावतीची कथा आठवते आणि विषय तिथेच संपतो.

शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मध्ये शांडिल्य गोत्राच्या एका विद्वान घराण्यात भास्कराचार्यांचा जन्म झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपले विज्जलविड हे गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसले असल्याची नोंद त्यांनी स्वतःच केली आहे. हे गाव म्हणजे विजापूर, असे काही अभ्यासक मानतात. इतर काहींच्या मते ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात असावे. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

यांपैकी ‘बीजगणित’ आज उघडले तरी ओळखीचे वाटते. अज्ञात राशीला तेथे ‘यावत्तावत्’ म्हणतात. एकाहून अधिक अज्ञात राशी असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येतात. लिहिताना केवळ आद्याक्षरे वापरायची : या, का, नी. ज्ञात संख्येसाठी ‘रूप’, म्हणजे ‘रू’. वर्ग दाखवण्यासाठी ‘व’ आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. या खुणा ठरल्यावर नियम येतो तो असा, की एका जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी. भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडाव्यात.

गुणाकाराची रीतही तितकीच स्वच्छ आहे. गुणकाचे जितके खंड, तितक्या वेळा गुण्य मांडायचा, प्रत्येकाला एकेका खंडाने गुणायचे आणि शेवटी सर्व गुणाकार मिळवायचे. ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ८ आणि ४ असे खंड केले आहेत, १०८० आणि ५४० मिळून १६२०. ‘बीजगणिता’त हीच रीत अज्ञात राशींना लावली आहे. ‘या ५ उणे रू १’ यास ‘या ३ अधिक रू २’ ने गुणायचे आहे. पहिल्या खंडाने १५ वर्ग आणि ऋण ३ या मिळतात. दुसऱ्याने १० या आणि ऋण २ रूपे. दोन्हींतील ‘या’ एका जातीचे, म्हणून ते मिळून ७. उत्तर १५ वर्ग, ७ या, ऋण २ रूपे. आजच्या शिक्षकाने फळ्यावर याहून वेगळे काय लिहावे?

त्यांची उदाहरणे व्यवहारातील आहेत. एकाजवळ ३०० रूपे आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० रूपांचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी असेल, तर घोड्याची किंमत किती? दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहायचे, ‘या’खाली ‘या’ आणि ‘रू’खाली ‘रू’. एकीकडून ६ घोडे वजा केले की ४ उरतात. दुसरीकडे ३०० आणि कर्जाचे १०० मिळून ४०० होतात. म्हणजे प्रत्येक घोडा १०० रूपांचा.

हे सारे भास्कराचार्यांनीच शोधले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राशींच्या जातींचा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दिला होता. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ग्रंथ फार विस्तृत असल्याने त्यांचे सार आपण शिष्यांसाठी काढले, असे भास्कराचार्य स्वतःच नमूद करतात. रंगांची अक्षरे म्हणजे बीजगणित नव्हे, खरे बीज बुद्धी हेच, हेही त्यांनी बजावून ठेवले आहे. घोकंपट्टीवर उभ्या असलेल्या आपल्या शिकवणी वर्गांना हे कितपत मानवेल, कोण जाणे!

लीलावती ही त्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा मात्र त्यांच्या ग्रंथांत नाही. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली. ‘बीजगणित’ही १६३४ मध्ये शहाजहानच्या काळात अताउल्ला रशीदीने फारसीत नेले; १८१७ मध्ये कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर निघाले.

भास्कराचार्य उतारवयातही लिहीत होते. ‘करणकुतूहल’ हा त्यांचा ग्रंथ ११८३ चा, म्हणजे वयाच्या ६९ व्या वर्षीचा. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी झाला. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे मठ स्थापला. त्या मठाच्या दानाचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. या घराण्याची वंशावळ आपल्याला कळते ती प्रामुख्याने त्यावरून. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी, मठाच्या खर्चाची तरतूद सांगताना मात्र तो तत्कालीन मराठीत उतरतो. बाजारातील मालावरचा काही भाग मठाला, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल.