रानातली अळंबी, बाटलीतली बुरशी आणि मालवणचे आघारकर

पाऊस लागला की रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारे पर्यटक समुद्राचे फोटो काढत बसतात. कोकणातल्या माणसाची नजर मात्र त्या दिवसांत वारुळांकडे असते, कारण तिथे अळंबी उगवते. ही अळंबी शेतात लावता येत नाही. वाळवी वारुळाच्या आत जी बुरशी जोपासते, तिलाच पावसाळ्यात ही छत्री येते. प्रयोगशाळेत त्या बुरशीचे तंतू वाढतात, पण वाळवीशिवाय छत्री धरवणं जमलेलं नाही. म्हणजे प्लॉट पाडताना वारूळ सपाट झालं की तिथली अळंबी संपली. न उमललेले कळे सगळेच उपटले, तर बीजाणूही पसरत नाहीत.

अशा बुरशींचे नमुने जपणारी महाराष्ट्रातली महत्त्वाची जागा पुण्यात आहे. ती उभी करणारा माणूस मात्र कोकणातला.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवणात झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवू लागलेले आघारकर सुट्टीत सह्याद्री पालथा घालायचे. या भटकंतीत त्यांना घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याच्या कुळातले प्राणी तोवर आफ्रिकेतले म्हणून माहीत होते, त्यामुळे या शोधाची मोठी चर्चा झाली.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद दिलं. 1914 मध्ये ते अभ्यासासाठी जर्मनीत गेले आणि महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते तिथे स्थानबद्ध झाले. तरीही बर्लिनमधून डॉक्टरेट घेऊनच ते परतले.

कलकत्त्यातून निवृत्त झाल्यावर आराम करता आला असता. पण 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली आणि आघारकर तिचे संस्थापक-संचालक झाले. सुरुवातीची वर्षं लॉ कॉलेजच्या आवारात, तुटपुंज्या साधनांवर गेली. 2 सप्टेंबर 1960 रोजी त्यांचं निधन झालं, तोवर ते हेच काम करत होते.

1992 मध्ये प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं: आघारकर संशोधन संस्था. ती आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, त्यामुळे आघारकर आणि आगरकर यांचा गोंधळ पुण्यात आजही होतो!

आघारकर स्वतः काही अळंबीतज्ज्ञ नव्हते. त्यांचा मूळ विषय वनस्पती. पण त्यांच्या संस्थेत बुरशीशास्त्र रुजलं. आज तिथे बुरशींचा राष्ट्रीय जिवंत संग्रह आहे आणि वाळवलेल्या नमुन्यांसाठी अजरेकर यांच्या नावाचं हर्बेरियमही. एखादी बुरशी रानातून नाहीशी झाली, तर ती कशी होती आणि कुठे होती, याचा पुरावा अशाच कपाटांत उरतो.

अळंबीच्या बाबतीत ही सोय अपुरी पडते. बाटलीत तंतू जिवंत ठेवता येतील, पण वारूळ बाटलीत मावत नाही. कोकणात ती टिकवायची तर काही कळे उमलण्यासाठी सोडावे लागतात आणि वारुळाला कुदळ लावणं टाळावं लागतं. ते काम पुण्यातून होणारं नाही, ते सड्यावरच्या वाड्यांनाच करावं लागेल.