व्हॅली आणि वल्ली

प्रथम वर्षाला असताना वर्गात उभा राहून मी एकदा ‘पानी’ म्हणालो. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण त्यानंतर सहा महिने वर्गात तोंड उघडले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘ण’ आणि ‘न’ यांच्यातील अंतर मला घरी कोण सांगणार?

त्या मौनाच्या काळात ग्रंथालयातून ‘व्यक्ती आणि वल्ली’ हाती आले. रात्री वाचता वाचता मी एकटाच हसू लागलो, तेव्हा आजीने विचारले, “काय वाचतोस रं?” मी नाव सांगितले. ती म्हणाली, “म्हंजी त्या फाटकावरलं?” आमचे भाताचे खाचर विकले गेले, तिथे आता बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत आणि फाटकावर कसल्याशा ‘व्हॅली’ची पाटी आहे. आजीला वाटले, पुस्तक त्याच जमिनीविषयी आहे!

ते पुस्तक लिहिणाऱ्या पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण गेले ते जोगेश्वरी आणि पार्ले या उपनगरांत. तेव्हाची उपनगरे म्हणजे धड शहर नाही, धड खेडे नाही. आजचे आमचे भूगाव-पिरंगूट म्हणा ना! अशा ठिकाणी माणसे एकमेकांना पुरती ओळखतात आणि मुलाला बघायला वेळही भरपूर असतो. पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिकणाऱ्या या मुलाने नेमके तेच केले. मास्तर, शेजारी, लग्नघरात राबणारे, रिकामटेकडे, सगळे त्याने बघून ठेवले. पेटीही तो लहानपणीच शिकला. घरात वाचनाची गोडी होती. आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत आणली होती.

तरुणपणी त्यांनी कारकुनी केली, शाळेत शिकवले, पुढे बेळगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकी केली. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळे त्यांचेच. ‘तुझे आहे तुजपाशी’ हे नाटक आले, ‘बटाट्याची चाळ’ आली आणि ती चाळ त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली. १९६५ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये ते इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस गंभीर होऊन लोकशाहीसाठी सभा घेत फिरला. मिळालेला पैसा पती-पत्नींनी प्रतिष्ठानामार्फत समाजाला परत केला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीला त्यांचे मोठे साहाय्य झाले. १२ जून २००० रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

मित्रहो, एवढी माहिती परीक्षेला पुरते. मला त्यांनी दिले ते याहून वेगळे आहे.

त्या रात्री मी आजीला ‘नारायण’ वाचून दाखवला. दुसऱ्याच्या लग्नात हमालासारखा राबणारा आणि कार्य उरकल्यावर कुणाच्याही लक्षात न राहणारा तो नारायण. आजी आधी पोट धरून हसली. मग गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आपल्या वाडीत बी व्हता असा येक. त्येला जेवायला कुनी बलवलं का नाय, कुनाच्या ध्यानातबी नसायचं.” आजी शाळेत कधी गेली नाही, पण पु. लं.च्या हसण्याच्या तळाशी काय आहे, ते तिला एका बैठकीत कळले. वर्ग मला हसला होता आणि पु. ल. नारायणाला हसले होते. हसणे दोन्हीकडे होते. पण एकाने मला गप्प केले आणि दुसऱ्याने वाडीतल्या विसरलेल्या माणसाला आमच्या ओटीवर परत आणून बसवले.

पु. ल. जेमतेम दीड वर्षांचे होते, तेव्हा, एप्रिल १९२१ मध्ये, आमच्याकडे मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, तरी धरण झाले, गावे बुडाली आणि वीज मुंबईला गेली. त्याच मुंबईने आम्हाला पु. ल. दिले. हिशेब फिटला असे मी म्हणणार नाही, पण एखादा हप्ता तरी जमा झाला!

बुडालेल्या गावांत वल्ली नसतील काय? असणारच. त्यांना लिहिणारा कुणी भेटला नाही, एवढेच. आता पाण्याऐवजी प्लॉटिंग येत आहे. तालुक्यात व्हॅली वाढत आहेत आणि वल्ली कमी होत आहेत. म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली आहे. आजी सांगते आणि मी लिहून घेतो. तिने ‘पानी’ म्हटले की ‘पानी’च लिहितो, तिथे शुद्धलेखन आड येऊ देत नाही. परवा तिने विचारले, “ह्ये कालेजात वाचून दावशील?”

दाखवीन म्हणालो. या अंकात ही सुरुवात केली आहे. हसू आले तर जरूर हसा. आता मी गप्प बसणार नाही.