जादा आर्ग्युमेंटचा हिशेब मांडणारा तर्कशास्त्रज्ञ

दोन संख्यांची बेरीज करण्यासाठी लिहिलेल्या फंक्शनला कुणी तीन संख्या दिल्या, तर संगणकाने काय करावे? संगणकभाषांमध्ये याबाबत एकमत नाही. जावास्क्रिप्ट तिसरी संख्या मुकाट्याने बाजूला टाकते. पायथन चूक दाखवून थांबते. पहिल्या पद्धतीत प्रोग्रॅम चालू राहतो खरा, पण झालेली चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. संगणक जन्माला येण्यापूर्वीच या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन पोहोचलेला अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ म्हणजे हास्केल ब्रुक्स करी. आडनाव ऐकून आपल्याकडे रस्सा आठवेल, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

करी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९०० रोजी मॅसॅच्युसेट्समधील मिलिस येथे झाला. वडील बोस्टनमध्ये वक्तृत्वाची शाळा चालवीत. १९१६ मध्ये हार्वर्डला गेलेला हा मुलगा डॉक्टर व्हायला निघाला होता. तिथून तो गणिताकडे वळला, मग विद्युत अभियांत्रिकी, मग पदार्थविज्ञान आणि अखेर पुन्हा गणित. या भटकंतीतच, १९२२ मध्ये, व्हाइटहेड आणि रसेल यांचा ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. त्यात एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवण्याचा नियम सहज म्हणून दिलेला होता. करी यांना मात्र तो नियम इतर सर्व नियमांहून गुंतागुंतीचा वाटला. त्याचे तुकडे करून पाहण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

१९२७ मध्ये प्रिन्स्टनला शिकवत असताना त्यांना एक जर्मन लेख सापडला. मोझेस शोनफिंकेल यांचा तो लेख १९२४ मध्येच छापला गेला होता आणि करी ज्या वाटेने चालले होते, त्या वाटेवर शोनफिंकेल आधीच पुढे गेलेले होते. करी निराश होऊन थांबले नाहीत. ते थेट गॉटिंगेनला गेले आणि हिल्बर्ट व बर्नेज यांच्याजवळ त्यांनी याच विषयावर प्रबंध पूर्ण केला. शोनफिंकेल यांची अखेर १९४२ मध्ये मॉस्कोत हलाखीत झाली.

या विचाराचे मर्म असे, की प्रत्येक फंक्शन एका वेळी एकच आर्ग्युमेंट घेते. बेरजेला २ दिले, की ‘दोन मिळवणारे’ नवे फंक्शन हाती येते. त्याला ३ दिले, की ५ मिळतात. मग जादा आर्ग्युमेंट असे काही उरतच नाही. पुढे जे येईल, ते मागच्या उत्तराला लागू होते. उत्तर हेच फंक्शन असेल तर साखळी पुढे चालते, ५ सारखी संख्या असेल तर मागणीच निरर्थक ठरते. एखादी गोष्ट खरोखर टाकून द्यायची असेल, तर त्यासाठी करी यांनी ‘के’ हे स्वतंत्र चिन्ह ठेवले. त्याला दोन गोष्टी एकामागून एक द्याव्यात; ते पहिली ठेवते, दुसरी सोडते. म्हणजे टाकणे हीसुद्धा एक क्रिया, आणि ती उघडपणे लिहिलेली असते.

या मोकळेपणाची किंमतही होती. कोणतेही फंक्शन कशालाही, अगदी स्वतःलाही, लावण्याची मुभा आणि तिच्या जोडीला अनुमानाचे नियम, अशी करी यांची रचना होती. १९३५ मध्ये क्लीनी आणि रॉसर यांनी तिच्यातून विसंगती निघते हे दाखवून दिले. वर्षानुवर्षांच्या कामाला असा तडा गेल्यावर दुसऱ्या कुणी विषय सोडला असता. करी यांनी ती विसंगतीच अधिक सोप्या रूपात मांडली. १९४२ चा तो विरोधाभास आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोणत्या फंक्शनने काय घ्यावे आणि काय द्यावे याची वर्गवारी तर त्यांनी १९३४ मध्येच सुरू केली होती. अशाच वर्गवारीच्या बळावर आज अनेक भाषा, प्रोग्रॅम चालण्याआधीच, जादा आर्ग्युमेंट पकडतात.

करी १९२९ पासून १९६६ पर्यंत पेनसिल्व्हेनिया स्टेटमध्ये शिकवीत राहिले. मधल्या युद्धकाळात ते लष्करी संशोधनात गुंतले आणि १९४६ मध्ये एनिअ‍ॅक या अवाढव्य संगणकावर त्यांनी काम केले. निवृत्तीनंतर काही वर्षे अ‍ॅमस्टरडॅमला शिकवून ते परतले. १ सप्टेंबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

एकेक आर्ग्युमेंट घेण्याच्या या पद्धतीला संगणकशास्त्रज्ञांनी ‘करिंग’ म्हटले. करी स्वतः मात्र तिचे श्रेय शोनफिंकेल यांनाच देत आले होते, आणि फ्रेगे यांनी तर ती युक्ती १८९३ मध्येच वापरली होती. पुढे संशोधकांच्या एका समितीने आपल्या नव्या भाषेला हास्केल हे नाव द्यायचे ठरवले आणि त्यासाठी करी यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांची परवानगी घेतली. ती त्यांनी आनंदाने दिली. निरोप घेताना मात्र त्यांनी सांगून टाकले, की हास्केल हे नाव यजमानांना स्वतःला कधीच आवडले नव्हते. १९९० मध्ये भाषा त्याच नावाने प्रसिद्ध झाली.