न झालेल्या यंत्राचं मॅन्युअल

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर आधीच माफी मागते. मराठी विभागासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी पळच काढणार होते. पण यंदाच्या सुट्टीत एका बाईची नीट ओळख झाली आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

झालं असं, की मी एका ओपन सोर्स प्रोजेक्टला हातभार लावायचं ठरवलं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. मला कोड लिहायची खुमखुमी होती, पण वाट्याला आलं डॉक्युमेंटेशन. म्हणजे सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कुठली कमांड काय करते, ते लिहून काढायचं. आमच्या विंगमध्ये सगळ्या हसल्या. हे तर कारकुनी काम, असं मलाही वाटलं. त्याच दिवसांत ॲडा लव्हलेसचं चरित्र वाचलं. जगातली पहिली प्रोग्रॅमर, एवढं उत्तर क्विझमुळे पाठ होतं. पण तिनं नेमकं केलं काय, हे कुठं माहीत होतं?

ॲडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनमधला. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ॲडा जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन घरातून बाहेर पडली. बायरननी १८१६ मध्ये इंग्लंड सोडलं ते कायमचं, आणि १८२४ मध्ये ते ग्रीसमध्ये वारले. बापाचा लहरीपणा पोरीत उतरू नये म्हणून आईनं तिला लहानपणापासून गणिताला जुंपलं. १८२९ मध्ये गोवराचं निमित्त होऊन तिचे पाय लुळे पडले. कित्येक महिने अंथरूण, मग कुबड्या. अभ्यास मात्र सुटला नाही.

जून १८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिला चार्ल्स बॅबेज भेटले. आकडेमोड करून गणिती कोष्टकं तयार करणारं डिफरन्स इंजिन ते बनवत होते. त्याचा एक चालता भाग त्यांच्या घरी होता आणि तो बघायला पाहुणे यायचे. बहुतेकांना ती गंमत वाटायची. ॲडाला मात्र ते आतून कसं चालतं हे समजून घ्यायचं होतं.

१८३५ मध्ये तिचं लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. नवऱ्याला १८३८ मध्ये अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली, म्हणून ती लव्हलेस. घर सांभाळून १८४० पासून तिनं ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पत्रांतून गणित शिकायला घेतलं. हो, तेच डी मॉर्गन, ज्यांचे नियम आपण डिजिटलच्या पेपरात लिहितो. त्यांचा जन्म आपल्या मदुराईचा!

बॅबेज तोवर पुढच्या यंत्राकडे वळले होते. हे ॲनॅलिटिकल इंजिन. त्यात हिशेब करणारा भाग वेगळा, आकडे साठवणारा वेगळा, आणि हुकूम द्यायला भोकं पाडलेली कार्डं. म्हणजे आपला प्रोसेसर, मेमरी आणि प्रोग्रॅमच. पण साहेबांची खोड अशी, की ड्रॉइंग बदलत राहायची आणि लोकांना समजेल असं नीट लिहायचं नाही. १८४० मध्ये त्यांनी इटलीत तुरिनला यंत्राची माहिती दिली. ती ऐकून मेनाब्रेया या इंजिनिअरनं फ्रेंचमध्ये लेख लिहिला, तो १८४२ मध्ये छापून आला. ॲडानं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. यात स्वतःच्या टिपा घाल, असं बॅबेजनी सुचवलं आणि १८४३ चा अख्खा उन्हाळा तिनं त्यात घालवला. ए ते जी अशा सात टिपा झाल्या. मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट! खाली नाव नाही, फक्त आद्याक्षरं.

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढायच्या पायऱ्या कोष्टकात मांडल्या आहेत. हाच तो पहिला प्रोग्रॅम म्हणतात. त्यात बॅबेजचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण बॅबेजनी स्वतःच १८६४ च्या आत्मचरित्रात कबूल केलंय, की बर्नुलीचं बीजगणित त्यांनी करून दिलं होतं आणि त्यातली मोठी चूक ॲडानं पकडली. गंमत म्हणजे छापलेल्या कोष्टकातही एका भागाकारात वरचं खाली आणि खालचं वर झालंय.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सरकारनं पैसे बंद केल्याची तक्रार बॅबेजना या लेखासोबत, तीही बिननावाची, जोडायची होती. ॲडानं साफ नकार दिला. आकड्यांऐवजी सूर मांडले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, हेही तिनंच लिहिलं.

पुढचे दिवस चांगले नव्हते. घोड्यांच्या शर्यतींचा नाद, कर्ज, आणि शेवटी कॅन्सर. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. वडीलही छत्तिसाव्या वर्षीच गेले होते. तिच्या इच्छेनुसार तिला त्यांच्याच शेजारी पुरलं.

यंत्र कधीच पूर्ण झालं नाही. टिपा राहिल्या. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंगनी यंत्रांच्या बुद्धीवर लेख लिहिला, तेव्हा त्यांना ॲडाचं म्हणणं खोडून काढावंसं वाटलं. १९८० मध्ये अमेरिकेनं ॲडा नावाच्या भाषेचं प्रमाणपत्रक ठरवलं, त्याचा क्रमांक तिच्या जन्मसालावरून १८१५ ठेवला.

हे वाचलं आणि मी परत माझ्या पानाकडे वळले. कोऱ्या मशीनवर एकेक पायरी करत गेले, तर मधली एक पायरी लिहिलेलीच नव्हती. ज्यानं कोड लिहिला त्याला ती इतकी सवयीची, की लिहायची राहून गेली. ती नव्या माणसालाच दिसणार ना! पान दुरुस्त करून पाठवलं, स्वीकारलंही गेलं. विंगमध्ये कुणाला सांगितलं नाही.

आता लास्ट इयरला प्रोजेक्टचा रिपोर्ट येईल. आपल्याकडे तो शेवटच्या रात्री सीनियरच्या रिपोर्टवरून उतरवायची प्रथा आहे (सर, हे वाचू नका). मॉडेल तर व्हायवा झाला की लॅबच्या कपाटात जाणार. मी मात्र रिपोर्ट या वेळी स्वतः लिहिणार आहे.